मामूंचा स्पेन

मामूंना पाच मिनिटं एका जागी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सगळेच त्यांना मामू म्हणायचे; मूळचे रत्नागिरीकडचे, कुवेतच्या अब्बासिया भागातल्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटं काढून द्यायचे. मोबाइल कानाला, चष्मा कपाळावर आणि पाय काचेच्या दारापासून झेरॉक्स मशीनपर्यंत सारखे चालू. गिऱ्हाईक ‘स्पेन’ म्हणालं की यांचा प्रश्न ठरलेला, “कुठला?”

लोक वैतागायचे, मीसुद्धा. उत्तरेच्या गालिसियात भर उन्हाळ्यात छत्री लागते, माद्रिदला दुपारी भाजून निघता आणि हिवाळ्यात हुडहुडी भरते, दक्षिणेत कॉर्डोबा-सेव्हिलला तर जुलैत फिरकूच नये, हे ऐकवल्याशिवाय तिकीट हातात पडत नसे. पडल्यावरही यांना चैन नाही. स्वेटर घेतला का, टोपी घेतली का, म्हणून फोन यायचे.

मला आईला कॉर्डोबा दाखवायचं होतं. ती बहात्तर वर्षांची, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, आणि माझी सुट्टी नेमकी जुलैत. मामू म्हणाले, आईंना उत्तरेला न्या. मी हसलो. कुवेतच्या पन्नास डिग्रीत राहणाऱ्याला चाळीसची कसली भीती घालता, म्हटलं.

“डॉक्टर, आपण पन्नासात राहत नाही, एसीत राहतो. तिथं दिवसभर पायी फिरायचंय.”

मी डॉक्टर, आणि हे मला तिकीटवाला शिकवणार! पाच-सहा वेळा त्यांचा फोन आला, शेवटी मी उचलायचाच बंद केला.

कॉर्डोबाच्या एका गल्लीत भर दुपारी आई भिंतीला टेकली आणि खाली बसली. ओठ कोरडे, मला ओळखेना. दोन दिवस ती हॉस्पिटलात होती. बाहेरच्या बाकावरून मी मामूंना फोन लावला. मामूंनी कुवेतमधून पुढची तिकिटं बदलून दिली. गालिसियाच्या भुरभुर पावसात आई हळूहळू सावरली.

परतल्यावर त्यांना भेटायला गेलो. ते नोकरी सोडून कायमचे गावी निघाले होते. तुमचंच बरोबर होतं मामू, माझं चुकलं, म्हटलं. वाटलं, खूश होतील. त्यांचे डोळे भरून आले.

“बरोबर असून काय उपयोग? आई पडल्याच ना. तुम्ही फोन उचलेनात, तेव्हा मी घरी यायला हवं होतं.”

मी माझ्या पेशंटना एकदाच सांगायचो, पुढे त्यांचं ते बघतील. त्या दुपारी क्लिनिकमध्ये आलो आणि इन्सुलिन घेणार नाही म्हणून भांडून गेलेल्या कुवेतच्याच फिंतास भागातल्या एका गृहस्थांना फोन लावला. ते रागावले आणि त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.