थांब म्हटल्यावर तीन मोजेपर्यंत

हे आत्ताच सांगायला हवं. उद्यावर टाकलं तर मी पुन्हा गप्प बसेन. हापिसात टाइपरायटरवर बोटं पळतात तशी आत्ता लेखणी पळतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझी आते गेली त्याला सव्वा महिना झाला. कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा मी चहा पीत होतो... फाटका कोपरा दिसला की वाचायच्या आधीच कळतं, कुणीतरी गेलं. कोण ते वाचलं, आणि त्याखाली लिहिलं होतं : ‘डुकरानं मारलं. कुत्र्यानं घात केला.’

भागीआते म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. उमरठच्या वरच्या वाडीत एकटी राहायची, डोंगराच्या उतारावर नाचणी करायची, आणि रानडुकरांपासून नाचणी राखायला तिचा खंड्या होता. आमच्याकडे कुत्र्याला कोण शिकवतो? उरलंसुरलं टाकायचं, आत आला तर दगड मारायचा, झालं. आतेनं मात्र पिल्लू होता तेव्हापासून त्याला बसवला. दारात एक सपाट कातळ आहे. दिवस मावळला की त्यावर भाकरी ठेवायची, ‘थांब’ म्हणायची आणि आत जाऊन भांडी घासायची. खंड्या लाळ गाळत बसलेला. बाहेर येऊन ती ‘घे’ म्हणाली की मगच तोंड लावायचं. एकही दिवस यात फरक नाही, ताप असला तरी नाही. तोवर ती स्वतःही जेवायची नाही. शेजारचा धोंडूकाका चिडवायचा, “भागीबय, आता त्याला लिवायला शिकव.” ती म्हणायची, “तुला शिकवून झालं की त्यालाच शिकवतंय.” मी एकदा विचारलं, मारत का नाहीस? म्हणाली, “मारलं की तो माझा हात बघतो, शबूद ऐकत नाय. आनि शबूद एकच ठेवावा रं. आज येक, उद्या दुसरा केला, की त्याला वाटतं कुठलाच खरा नाय.”

आता माझं. गणपतीला गेलो होतो, मुंबईहून बिस्किटांचा डबा घेऊन. आते शेतावर गेली की मी खंड्याला ‘थांब’ म्हणायचो, एक, दोन, तीन मोजायचो आणि बिस्कीट हवेत उडवायचो. पहिल्या दिवशी तो हललाच नाही. चौथ्या दिवशी तीनला अशी झेप घ्यायचा की मी हसून हसून लोळायचो. निघायच्या आदल्या संध्याकाळी आतेनं भाकरी ठेवली, ‘थांब’ म्हणाली, आणि तिची पाठ वळते न वळते तोच यानं भाकरी उचलली. तिनं माझ्याकडे पाहिलं. “तू काय केलंस रं दत्तू?” मी म्हणालो, “काय नाय आते.” तिनं त्याच्या तोंडातून भाकरी काढून घेतली. त्या दिवशी तो जेवला नाही, तीही नाही. मी जेवलो. “आता पुन्ना पयल्यापासून,” एवढंच म्हणाली...

कार्ड मिळाल्यावर आगबोटीनं दासगावला उतरलो, पुढे मिळेल तसा गेलो आणि बाराव्याला वाडीत पोचलो. खंड्या फणसाला बांधलेला. धोंडूकाका सगळ्यांना सांगत होता, तो बाजूच्याच शेतात होता ना. डुकराला कुठंतरी शिकाऱ्याची तारेची फासकी लागलेली, ते जखमी होऊन बांधाजवळच्या झुडपांच्या झाळीत दडलेलं. आतेनं ओळखलं आणि ती बांधावरून मागं फिरली. “थांब म्हनाली त्याला, मी ऐकलं. बसला बी. येक-दोन-तीन म्हनेस्तोवर बसला, मंग उडी मारलीन ती थेट झाळीत. डुकर भायेर आला तो भागीबयच्याच अंगावर.” मांडी फाटली होती. डोलीत घालून महाडच्या दवाखान्याकडे निघाले, पोलादपूरच्या पुढं ती बोलायची थांबली.

एक-दोन-तीन. धोंडूकाका बोलण्याच्या ओघात म्हणाला, त्याला काय माहीत. सगळे खंड्याला शिव्या देत होते, मालकिणीला खाल्लंन म्हणत होते. मी पत्रावळीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूकाका दोरी आणि कोयता घेऊन आला. गळ्यात दोरी घालताना खंड्या अंग चोरायला लागला, तर काका सहज म्हणाला, “थांब.” आणि खंड्या बसला. मी दारातून मोजत होतो. तीन झाले, दहा झाले, तो हलला नाही. म्हणजे आतेनं गणपतीनंतरच्या दीड महिन्यात तो शब्द जवळजवळ जोडत आणला होता... थोडेच दिवस हवे होते तिला. काका त्याला घेऊन रानात गेला. तोच एक शब्द मी काकाला म्हणायचा होता, तो म्हटला नाही. काका परत आला तेव्हा नुसती दोरी त्याच्या खांद्यावर होती.

कातळ अजून दारात आहे, भाकरी ठेवायची जागा तेवढी काळी, तुळतुळीत. निघताना मी तिथे एक भाकरी ठेवली. पण ‘घे’ म्हणणार कोणाला? तशीच सोडून घाट उतरलो.

तुमच्या हातून झालंय का असं कधी? दुसऱ्यानं वर्षानुवर्षं बसवलेलं तुम्ही चार दिवसांत गमतीनं मोडलंत, आणि तिनं विचारलं तेव्हा ‘काय नाय’ म्हणालात?