मामांची तिसरी चूक

काल दुपारी बबनमामा गेले.

कडावमध्ये बॅट हातात धरलेला असा एकही गडी नसेल, ज्याला त्यांनी एकदा तरी आउट दिलेलं नाही. मला तर सहा-सात वेळा दिलंय. एकदा त्या रागात मी महिनाभर त्यांच्या घराची पायरी चढलो नव्हतो.

माझे सख्खे मामा. सकाळी कर्जत-दहिवलीत दुधाचा रतीब घालायचे. भातकापणी झाली की दर रविवारी शेतातल्या पिचवर अंपायर.

अंगात डॉक्टरांसारखा पांढरा कोट, खिशात सहा चिंचोके. बॉल पडला की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात.

आमच्याकडे बाउंड्री म्हणजे शेताचा बांध, आणि बांधात खेकड्यांची बिळं. एकदा बॉल बिळात गेला. फिल्डरने हात घातला आणि बोंबलत बाहेर काढला, बोटाला खेकडा लटकलेला! तोवर बॅट्समनने पळून सात रन काढले. दोन्ही टीम हमरीतुमरीवर.

मामा शांतपणे म्हणाले, "बिळात बॉल गेला का चार. हात घालायचा नाय. आजपासून हाच नियम."

आता आजूबाजूच्या गावांतही हाच नियम चालतो.

वर्ल्ड कप आला की मामा टीव्हीपासून चार फुटांवर खुर्ची टाकून बसायचे. पण बघायचे अंपायरला.

सगळे सिक्सवर नाचतायत आणि हे म्हणतायत, "हात कसा सरळ उचलला बग. घाई नाय, काय नाय."

अपील झालं की आधी स्वतःचा निर्णय द्यायचे. टीव्हीवरच्या अंपायरचा मागाहून.

मागचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला. तोवर शुगरने त्यांचे डोळे धरले होते.

त्याच्या आधीच्या सीझनला स्क्वेअर लेगला उभे असताना एक बॉल थेट कानशिलावर बसला. टेनिस बॉल होता म्हणून निभावलं. तो येताना त्यांना दिसलाच नव्हता.

मामी म्हणाली, आता बस झालं. मामा ऐकतात थोडेच! शेवटी त्यांनी स्वतःची परीक्षा स्वतःच ठरवली.

"या वर्ल्ड कपात रिव्ह्यूला माझे तीन निर्णय चुकले, का कोट खुंटीला. नाय चुकले, तर मला कोणी कायपण बोलायचं नाय."

स्क्रीनवरची अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. निकाल वाचून सांगायचं काम माझ्याकडे. ड्युटी सांभाळून मी दर मॅचला दहिवलीहून कडावला जायचो.

सेमीफायनलपर्यंत दोन चुका झाल्या. दोन्ही वेळा मी खरं सांगितलं. दोन्ही वेळा ते नुसतं "बरं" म्हणाले.

सेमीफायनलच्या दिवशी मामीने मला ओट्यापाशी बोलावलं.

"तुजं आयकतात ते. कायतरी कर रं बाबा. या टायमाला बॉल डोळ्यात बसंल."

मी बाहेर येऊन मामांशेजारी बसलो.

थोड्या वेळाने एलबीडब्ल्यूचं मोठं अपील झालं.

"नॉट आउट," मामा म्हणाले. "लेगला चाललाय."

टीव्हीवरच्या अंपायरने बोट वर केलं. बॅट्समनने रिव्ह्यू घेतला.

आणि आमची लाईट गेली.

मी मोबाईल काढला. मामा माझ्याकडे तोंड करून बसले होते.

"काय झालं रं?"

मोबाईलवर स्पष्ट दिसत होतं. बॉल लेग स्टंपच्या बाहेरून चालला होता. अंपायरला निर्णय बदलावा लागला होता.

मी म्हणालो, "आउट दिला, मामा."

लाईट येईपर्यंत तो बॅट्समन दुसऱ्याच बॉलवर आउट होऊन गेला होता. त्यामुळे मामांना संशय यायचं कारणच उरलं नाही. तसाही त्यांनी माझ्यावर संशय घेतला नसता.

"बरं," म्हणाले. उठले. आतून कोट आणला आणि चिंचोक्यांसकट माझ्या मांडीवर ठेवला.

"तीन झाले. आता तू उभा राहा."

फायनल त्यांनी बघितली नाही. मीही धड बघितली नाही.

पुढे दर रविवारी मी अंपायर आणि मामा बांधापलीकडे खुर्चीवर. माझं चुकलं तर पोरांसमोर कधी एक शब्द बोलले नाहीत. घरी जाताना हळूच सांगायचे, "ती कट लागली होती रं. आवाज आला मला."

दिसत नसतानाही त्यांचं बरोबर असायचं. मला लाज वाटायची.

मामीचं चुकलं नव्हतं. तिला माणूस धड हवा होता. खोटं मी बोललो, ते माझं.

मामांनी कधी कुणाच्या दबावाखाली निर्णय फिरवला नाही. पाहुण्यांसाठी नाही, पोटच्या पोरासाठी नाही. त्या माणसाचा निर्णय मी फिरवला, आणि ते हयात असेपर्यंत सांगायची हिंमत झाली नाही. किती रविवार त्यांना सोडायला घरापर्यंत गेलो, दारातून परत आलो.

आज सगळ्यांसमोर लिहितोय.

भरल्या डोळ्यांनी शेवटचा नमस्कार, मामा.

तो बॉल लेगलाच चालला होता.

तुमच्या दोनच चुका झाल्या होत्या.