आठवणीची पूड

कोरेगावाकडच्या हरिबानं जन्मभर शेतातले उंदीर मारले. तोच मिरजेत एका डॉक्टरांकडे पांढरे उंदीर पोसायला राहिला, तेव्हा भावकीनं तोंडात बोटं घातली. हरिबाला त्याचं काही वाटलं नाही. शेहेचाळीस साली त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

थोरला मुलगा आकाराम ब्रह्मदेशात लढाईत पडल्याची तार आली, ती हरिबानंच बायकोला, राहीबाईला सांगितली. त्याच दिवशी ती तापानं फणफणली. ताप उतरला, पण आठवण गेली ती गेलीच. चूल पेटवून विसरायची, हरिबाला "तुमी कोन?" म्हणायची. तार तर तिच्या लेखी आलीच नव्हती.

डॉक्टर वर्धमान पाटील एका जीवनसत्त्वापासून पूड तयार करीत. निम्म्या उंदरांना पूड, निम्म्यांना नुसतं पीठ. मग उपाशी उंदीर लाकडी चक्रव्यूहात सोडायचे आणि वाट आठवून भाकरीपाशी कोण आधी पोचतो ते बघायचं. "गुण आला, की राहीबाईंनाही देऊ," असा डॉक्टरांचा शब्द होता. त्या शब्दावर हरिबा रोज पिंजरे झाडत होता.

महिनाभर चक्रव्यूह बंद ठेवून शेवटची परीक्षा ठरली, ती नेमकी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी उंदराला नैवेद्य दाखवला, की तो पिकाला तोंड लावत नाही, अशी गावाकडची रीत. राहीबाई सगळं विसरली तरी तिचे हात विसरले नव्हते. तिनं खीर केली.

"आवं, उंदीरमामास्नी घाला. आकाराम यील, त्येच्यापुरती झाकून ठिवलीया."

हरिबानं सगळ्या पिंजऱ्यांत खीर वाढली. उंदीर उपाशी ठेवायचा हुकूम त्याला ठाऊक होता, पण सणाला पाळलेलं जनावर उपाशी ठेवणं त्याच्यानं झालं नसतं.

दुपारी चक्रव्यूहात सोडलेले उंदीर पंगतीतून उठलेल्या वऱ्हाड्यांसारखे सुस्त पडले. एकही हलेना. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"पुडीत काही दम नाही म्हणायचा. का हो हरिबा, सकाळी यांना काही खायला घातलंत का?"

खरं सांगितलं असतं, तर परीक्षा पुन्हा झाली असती. कदाचित गुण आला असता. राहीबाईनं नवऱ्याला ओळखलं असतं. पण मग आकारामाची तारही तिला आठवली असती. ती एकदा सांगतानाच हरिबा आतून थिजला होता.

"न्हाई साहेब," तो म्हणाला.

डॉक्टरांनी पूड मोरीत ओतली. बाटली हरिबानंच विसळली.