गोळीची दुखरी बाजू

सातवीत शाळा सोडून मी केरळात सोनं गाळायला गेलो. एकदा सुट्टीवर येताना म्हसवडच्या एसटीत एका म्हाताऱ्या फौजींनी सरकून मला जागा दिली, भाकरीही दिली. मग त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी नखानं मोडली आणि अर्धी खिडकीबाहेर टाकली.

“झटका येऊन गेलाय, म्हणून दिलीया. एकीत दोन औषधं हायती. डाक्टर म्हणला, त्यातल्या एकानं पाय दुखत्यात. ती बाजू टाकतो.”

“आवं, सोन्यात तांबं मिसळलं की तुकडा तोडून निघत न्हाई. तसंच आसंल हे, अर्ध्या गोळीसंगं दोन्ही औषधं निम्मी-निम्मी बाहेर जात्यात. डाक्टरला इचारा.”

“तू डाक्टर व्हय रं? अर्धी खातोय तवापास्नं पाय दुखंना झाल्यात.”

त्यांचं गाव आलं. काठी काखेत मारून ते भरभर चालत गेले. इतकं बरं वाटणाऱ्या माणसाला आणखी सांगून काही उपयोग नव्हता.