जाळीला अडकलेली लोकर

ती घटना मला आजही आठवते, ती एका मफलरमुळे.

मी हॅम्बर्ग पोलिसात नोकरी केली. आईवडील पुण्याचे, म्हणून घरात मराठी. आमच्या विभागात ती येणारा मी एकटाच. जुन्या विटांच्या एका घरात, आजींसोबत मुलीकडे राहायला आलेले मराठी आजोबा दुपारी शेकोटीसमोर खुर्चीतच गेले. घरात तेव्हा ते एकटेच होते. धुरातला विषारी वायू, असे शवविच्छेदनात निघाले. जुन्या चिमणीत पोलादी नळी सोडून बंद काचेची नवी शेकोटी बसवली होती, त्याला आठवडाही झाला नव्हता. संशय साहजिकच कारागिरावर गेला.

साठीकडे झुकलेला तो माणूस चौकशीत एवढेच म्हणे, "सांधे मी दोनदा तपासले." निष्काळजीपणाने मृत्यू, असा गुन्हा त्याच्यावर लागणार होता. खरे सांगतो, मीही त्याला दोषी धरूनच चाललो होतो.

मग चिमणी तपासनिसाचा फोन आला. "चिमणीत दोष नाही. पण शेकोटीला बाहेरची हवा देणारी भिंतीतली जाळी बघा. तिला लोकर अडकलीये. ती बुजली की धूर उलटा खोलीत येतो."

मी आजोबांच्या जावयाकडे गेलो. आयटीतला, शांत माणूस. त्या दिवशी घरी आधी कोण आले, एवढेच मी विचारले.

"मीच. आणि जाळी उघडीच होती, गेनाऊ, अगदी नक्की."

जाळीचे मी नावही काढले नव्हते. चोराच्या मनात चांदणे.

तेवढ्यात आतून आजी आल्या. "साहेब, तुम्ही मराठी ना? ह्यांचा मफलर तेवढा शोधून द्या हो. त्या भिंतीतल्या भोकात कोंबला होता मी. गार वारा यायचा, ह्यांचे गुडघे धरायचे."

जाळीखाली 'बंद करू नये' अशी चिठ्ठी होती, जर्मनमध्ये. जावई त्याच भाषेत मला म्हणाला, "त्यांना कधीच कळू नये म्हणून मी तो काढला." सासूला वाचवायला तो एका निरपराध माणसाला तुरुंगात धाडत होता. मला त्याचा राग आला, आणि कीवही.

मफलर तळघरात सापडला. कारागीर सुटला. जाताना त्याने माझ्याशी हात मिळवला नाही, आणि ते बरोबरच होते.

आजींचा जबाब मीच मराठीत घेतला. सहीआधी त्यांनी विचारले, "भोक बुजवल्यानं काही झालं का हो?"

खरे शोधून काढले की आपले काम संपले, असे मी नोकरीभर मानत आलो. ते समोरच्याला त्याच्याच भाषेत सांगावे लागते, हे मला त्या दिवशी कळले. जर्मनमध्ये अशा वेळची वाक्ये ठरलेली असतात. मराठीत मला एकही सुचेना.

"हो, आजी," मी म्हणालो.

त्यांनी कागद जवळ ओढला. मग सही केली.

"मफलर राहू द्या," त्या म्हणाल्या.