सुखदेव येईपर्यंत

जालन्याच्या मिशन दवाखान्यात नर्स असलेल्या रंभाबाई लंडनच्या हाउन्सलोला आल्या, त्या पद्माकरसाहेबांच्या वृद्धांसाठीच्या केअर होममध्ये. व्हिसा त्याच नोकरीवर होता. नोकरी सुटली की व्हिसाही गेला, हे साहेब कधी बोलून दाखवत नसत. तशी गरजच नव्हती. चार वर्षांनी कायमचं राहता येईल म्हणून बाई निमूट राबल्या, तर दोन हजार सहामध्ये सरकारनं नियम बदलला आणि आणखी एक वर्ष बोकांडी बसलं.

रविवारची मराठी ख्रिस्ती उपासनाही साहेबांच्याच स्टॅनमोरच्या घरी व्हायची. मागून प्रीतिभोजन. डॉक्टर, बँकवाले डायनिंग टेबलाशी बसत. होममधली माणसं शिफ्ट उरकून, बस बदलत पोचेपर्यंत मटणाचा नुसता रस्सा उरलेला असे. तो ती किचनमध्ये उभ्यानं खात.

एका रविवारी बाईंना सुट्टी होती, म्हणून त्या वेळेवर पोचल्या. पाळक मिलिंद यांनी त्या दिवशी प्राचीन करिंथ शहरातल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीबद्दल सांगितलं. तिथंही जेवण श्रीमंताच्या घरी असे. मानाची माणसं आतल्या खोलीत टेकून बसत, आधीच खाऊनपिऊन घेत. गुलाम, हमाल मालकाचं काम संपवून येत, तोवर भांडी रिकामी. शेवटी प्रेषिताला बजावावं लागलं, की एकमेकांसाठी थांबत जा.

उपासना संपली तशी साहेबांनी स्वतः खुर्ची ओढली. म्हणाले, आज रंभाबाई आमच्यात बसतील. सगळे कौतुकानं हसले. बाई बसल्या, पण त्यांच्या मनात आलं, एवढा मान देणाऱ्या माणसापुढं आता कधी तोंड उघडायचं? होममध्येच राबणाऱ्या सुखदेवला सकाळीच फोन करून जादा काम याच साहेबांनी दिलं होतं, हे त्यांना माहीत होतं. प्रार्थना झाली, चमचे उचलले गेले.

“साहेब, सुखदेव यायचाय अजून,” बाई म्हणाल्या. “थांबू या का?”

साहेबांनी पाळकांकडं पाहिलं. पाळकांनी चमचा खाली ठेवला. मग कुणाचीच जेवायची छाती झाली नाही. भात गार होत गेला. सुखदेव भिजून आला आणि सगळे गप्प बसलेले पाहून त्याला वाटलं, कुणीतरी गेलंय. त्याला टेबलाशी बसवलं. मटण साहेबांनीच वाढलं.

पुढच्या आठवड्यापासून बाईंचे सगळे रविवार ड्युटीत गेले. त्या विचारायला गेल्या, तर साहेब मऊ आवाजात म्हणाले, “रविवारी माझा भरवसा तुमच्यावरच आहे, ताई.”

रविवारी दुपारी त्या होममधल्या म्हाताऱ्यांना सूप भरवत. सुखदेव सांगे, आता सगळे सगळ्यांसाठी थांबतात. ऐकून बाईंना बरं वाटे, आणि खिडकीपाशी जाऊन त्या डोळे पुसत.

पासपोर्टवर कायमचं राहण्याचा शिक्का पडला तेव्हा त्यांनी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात नोकरी धरली. साहेबांनी निरोपाच्या जेवणाला बोलावलं. बाई गेल्या नाहीत.