नवरा पुण्याला असतो

“मावशी, तुमच्या त्या बाईचे मिस्टर आले जी पुण्यावरून,” भोयर सर फोनवर म्हणाले. आवाजात आनंद होता. “बाई ड्यूटीवर गेल्या होत्या, म्हणून माझ्याजवळची चावी देल्ली त्याईले. चहा झाला. आता आराम करून राह्यले.”

मी तेव्हा वर्ध्यात, सरांच्याच सिंदी मेघे भागात होते, एका गिऱ्हाइकाला तिसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक दाखवायला निघालेली. जिन्यातच खाली बसले. पुण्याला कोणी मिस्टर नव्हते. ते मी तयार केले होते.

माझं काम खोल्या लावून देण्याचं. घरमालक रिकामी खोली सांगतो, भाडेकरू आपली गरज सांगतो, मी दोघांची गाठ घालून देते. दलाली म्हणून पंधरा दिवसांचं भाडं याच्याकडून, तेवढंच त्याच्याकडून. शिक्षण चौथी. या कामाला तेवढं पुरतं. चपला मात्र जास्त लागतात.

आमच्या धंद्यात भाडेकरू दोनच प्रकारचे, ‘फॅमिली’ आणि ‘बॅचलर’. बॅचलर म्हणजे कॉलेजची पोरं, एकटे नोकरीवाले. फॅमिली म्हणजे नवरा-बायको. नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई लेकीला घेऊन आली, तर ती दोन्हीत बसत नाही. घरमालक वाईट असतात असं नाही. ते फक्त विचारतात, “मिस्टर काय करतात?” उत्तर ऐकलं की त्यांना आठवतं, खोली तर पुतण्यासाठी ठेवली आहे.

म्हणून मी नवऱ्याला पुण्याला पाठवते. कंपनीत असतो, सुटी मिळत नाही, दिवाळीला जमलं तर येईल. बरीच वर्षं हे खपून गेलं. पुणे लांब आहे. कोणी बघायला जात नाही.

वैशाली हिवाळ्यात आली. वर्ध्याला एका मेडिकलच्या दुकानात बिलिंग करायची. सासर अल्लीपूर. नवऱ्याचं तिथं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, मनात आलं तर उघडायचं. मुलगी आठवीत. दोघं का वेगळी झाली ते मी विचारलं नाही. मी कोणालाच विचारत नाही. भाडं कोणत्या तारखेला मिळेल एवढं विचारते. कोर्टात केस सुरू होती, खावटीचा, म्हणजे पोटगीचा, अजून पत्ता नव्हता. आधी ती तळेगावला भावाकडे राहिली. वर्षभरानं वहिनी रोज सकाळी विचारू लागली, “केसचं काय झालं जी ताई?” तो खोली शोधण्याचा इशारा होता.

भोयर सर रिटायर शिक्षक. माणूस सरळ, पण खोली फक्त फॅमिलीला. मी पुण्याचं सांगितलं. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं कानातले मोडून डिपॉझिट भरलं. सर म्हणाले, अॅग्रीमेंट मिस्टरांच्याच नावानं करा. अॅग्रीमेंट म्हणजे अकरा महिन्यांचा भाड्याचा कागद. मी केलं. नाव नवऱ्याचं, खाली सही बायकोची. असे कागद मी पुष्कळ केले होते.

मग पोलीस स्टेशनचा फॉर्म आला. भाडेकरूची माहिती तिथं द्यावी लागते. त्यात मोबाईल नंबरचा रकाना होता. वैशालीनं नवऱ्याचा नंबर लिहिला. मुद्दाम नाही. गॅसच्या कार्डावर, राशनवर, शाळेच्या दाखल्यावर ती पंधरा वर्षं तोच नंबर लिहीत आली होती. हाताला तोच पाठ. मी शेजारीच बसले होते, चहा पीत.

उन्हाळा लागला. वैशालीनं जुना कूलर आणला. कूलरच्या लाइटचे पैसे वेगळे, हे सरांना सांगायचं होतं. असलं बोलणं बाईमाणसाशी काय करायचं, म्हणून सरांनी फॉर्मवरचा नंबर फिरवला. “साहेब, कूलरचं कसं करायचं?” आणि बोलता बोलता घराचा पत्ताही सांगितला.

दुसऱ्या दिवशी वैशालीचा नवरा नरेश हजर.

मी पोचले तेव्हा तो वैशालीच्या पलंगावर पाय पसरून पडला होता. कूलर सुरू. भोयर काकू त्याच्यासाठी पोह्यांची प्लेट घेऊन जिना उतरत होत्या. वैशालीला मीच फोन केला होता. ती दुकानाच्या मालकाची परवानगी घेऊन आली, पण फाटकापाशी थांबली.

“आत ये ना व,” काकू म्हणाल्या. “किती दिवसानं आले ते!”

“नाई जी काकू. तो बाहेर निघंल, मंगच मी आत येईन.”

काकूंना कळेना. सर माझ्याकडे पाहू लागले. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“सर, मी खोटं बोलले. मिस्टर पुण्याले नाई राहात. अल्लीपूरचे होत. दीड वर्ष झालं, दोघं वेगळे हायेत. कोर्टात केस हाय.”

काकू बोलल्या. “अवो बाप्पा! मंग दोनदा चहा मी कोणाले पाजला?”

नरेश उठून दारात आला. “काका, ते घरातलं भांडण होय. नवरा-बायकोचं चालतच राह्यते. कागद माह्या नावानं हाय, तुम्हीच सांगतलं ना फोनवर? मले खोली पायजेच नाई. डिपॉझिट वापस द्या, मी चाललो.”

तेव्हा मला कळलं तो कशासाठी आला होता.

सर आत जाऊन कागद घेऊन आले. चष्मा लावला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. “नाव तर यांचंच आहे, मावशी. कागदावर ज्याचं नाव, पैसे त्याचे. मी नियमानं चालणारा माणूस.”

वैशाली फाटकातूनच म्हणाली, “सर, कानातले माझ्या आईचे होते.” एवढंच. रडली नाही. रडली असती तर सरांना सोपं गेलं असतं.

डिपॉझिट गेलं की खोली जाणार. नवं डिपॉझिट भरायला तिच्याकडे मोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि हा सगळा उद्योग माझ्या कागदाचा. मी पायरीवर बसले, गुडघे दुखत होते.

“बरोबर हाय सर,” मी म्हटलं. “नाव त्याचं, तर पैसे त्याचे. पण मंग भाडंबी त्याचंच. या महिन्याचं बाकी हाय ना?”

“आहे.”

“लाइट बिल?”

“तेही आहे.”

“घ्या मंग याच्यापासून. कूलरचेबी घ्या. नोटीस न देता खोली सोडून राह्यला, त्याचा एक महिना आणखी. कागदात लिहिलं हाय, मीच लिवून घेतलं.”

नरेश भडकला. “मी काऊन देऊ? मी राह्यलो का इथं एक दिवस तरी?”

“नाई राह्यला?”

“नाई! बायकोनं मले न विचारता खोली घेतली. मले तर काल मालूम पडलं.”

“ऐकलं का सर?” मी म्हटलं.

सरांनी ऐकलं होतं. कागद पुन्हा पाहिला. “ही सही तुमची आहे का?”

“नाई. तिची हाय.”

“पैसे तुम्ही दिले?”

नरेश चप्पल शोधू लागला.

“मग डिपॉझिट कशाचं मागता? चला, निघा.” सर पस्तीस वर्षं वर्गात उभे होते. तो आवाज अजून शिल्लक होता.

नरेश निघाला, पण रिकाम्या हातानं नाही. गॅसचं कार्ड त्याच्या नावावर, म्हणून सिलेंडर सोडवून घेतला. सर अडवणार होते. वैशाली म्हणाली, “नेऊ द्या. नाव त्याचंच हाय.” स्कूटरवर पायांशी टाकी ठेवून तो गेला. जाताना मला म्हणाला, “म्हातारे, तुले पाहतो.” मी म्हटलं, “पाह्यजो. पण खोली लागली तर मले नको विचारजो.”

गोष्ट इथं संपली असती तर बरं होतं. सरांनी संध्याकाळी डिपॉझिट वैशालीच्या हातात मोजून दिलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्यावर राग नाही. पण उद्या तो दारू पिऊन आला तर? महिन्याअखेर खोली खाली करा.” काकू त्यांच्या मागं उभ्या होत्या. त्यांनी मान वळवली.

सरांच्या आणखी दोन खोल्या भाड्यानं लावायला माझ्याकडे होत्या, त्या त्यांनी काढून घेतल्या.

पुढचे तीन आठवडे मी वैशालीला घेऊन उन्हात फिरले. या वेळी प्रत्येक दारात खरं सांगितलं. नवऱ्यापासून वेगळी आहे, केस सुरू आहे, पगार अमुक, भाडं सात तारखेला. बारा ठिकाणी पुतणे निघाले. एकानं तर तोंडावर म्हटलं, “मावशी, पहिले तुम्ही चांगल्या फॅमिल्या आणत होत्या जी.” वैशाली एका दुपारी कंटाळून म्हणाली, “मावशी, पाठवून द्या ना त्याले पुन्हा पुण्याले.” आम्ही दोघी हसलो. पण मी पाठवलं नाही.

तेराव्या ठिकाणी जागा मिळाली. वर टिनाचं छप्पर, संडास अंगणात, मुलीची शाळा दोन किलोमीटर लांब. भाडं पाचशेनं जास्त, कारण मालकिणीला माहीत होतं की हिला दुसरीकडे कोणी देत नाही. कागद वैशालीच्या नावानं, नंबर तिचा. गॅसचं नवं कनेक्शन व्हायला वेळ लागला, तोवर स्वयंपाक इलेक्ट्रिक शेगडीवर. त्या शेगडीच्या लाइट बिलावरून मालकिणीशी पहिलं भांडण झालं. भाडं मात्र सात तारखेला जातं.

दलाली मी मालकिणीकडून घेतली. वैशालीकडून घेतली नाही. एका गिऱ्हाइकाला दोनदा खोली लावावी लागली, ती चूक माझी होती.

तेव्हापासून कागद एकाच नावानं करते. जो भाडं भरणार, त्याच्या. काम निम्म्यावर आलं आहे. खरं सांगितलं की खोली उशिरा मिळते. खोटं सांगितलं की लवकर मिळते, आणि मग पुन्हा शोधावी लागते. माझ्या वयाला एकदाच शोधणं परवडतं.